पडणे आणि पाडणे : मांजरा खोऱ्याच्या हिशोबातील कर्ता

१

मराठीत काही क्रियापदे जोडीने नांदतात. पडणे–पाडणे, सरणे–सारणे, तुटणे–तोडणे, फुटणे–फोडणे, मरणे–मारणे ह्या त्या जोड्या होत. जोडीतील पहिले क्रियापद काय घडले एवढेच सांगते. दुसरे मात्र ते कोणी घडवले याची वाच्यता केल्याशिवाय वाक्य पुरे होऊ देत नाही. धातूचा स्वर पालटला की कर्ता वाक्यात येऊन उभा राहतो. संस्कृतातील ‘पतति–पातयति’ या धर्तीच्या रूपांपासून ही व्यवस्था भाषेकडे आलेली आहे आणि व्याकरणाच्या वर्गात ती प्रयोजकाच्या प्रकरणाबरोबर शिकवून संपते. परंतु माणसे निवड कशी करतात, तिच्या फायद्यातोट्याचा हिशोब कसा मांडतात आणि त्या हिशोबातून नैतिक जबाबदारी कोठे निसटते, हे पाहावयाचे असेल तर या जोड्यांइतके उपयोगी साधन क्वचितच सापडेल. लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांतील पाण्याची व पिकाची भाषा या दृष्टीने तपासण्याजोगी आहे.

या भागात शेतकरी विहीर ‘पाडतो’, बोअर ‘घेतो’, ऊस ‘लावतो’, उसाला पाणी ‘देतो’ आणि उसावर कर्ज ‘फेडतो’. ही सारी सकर्मक क्रियापदे आहेत आणि प्रत्येकाचा कर्ता वाक्यात ठामपणे उभा आहे. त्याच विहिरीचे पाणी गेल्यावर मात्र ती ‘कोरडी पडते’. पावसात खंड ‘पडतो’, दुष्काळ ‘पडतो’, धान्याचा भाव ‘पडतो’, पाणी ‘कमी पडते’ आणि अखेर सारेच ‘महागात पडते’. लाभाच्या वाक्याला कर्ता आहे. हानीच्या वाक्याला नाही. हानी ज्याच्या वाट्याला येते तो चतुर्थीत, ‘ला’ प्रत्यय लावून, बसलेला असतो: शेतकऱ्याला नुकसान झाले, शहराला पाणी कमी पडले. ज्याने काही केले तो ‘ने’ प्रत्ययाचा मनुष्य या वाक्यांत आढळत नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. लाभही ‘पदरात पडतो’ असे आपण म्हणतोच. मग लाभाची भाषाही अकर्मकच नव्हे काय? आक्षेप वरवर खरा आहे. पण ‘पदरात पडणे’ याच्या शेजारी ‘पदरात पाडून घेणे’ हा वाक्प्रचार भाषेने तयार ठेवलेला आहे आणि तो नित्य वापरात आहे. ‘महागात पडणे’ याला मात्र तशी वापरातील सोबत नाही. एखाद्या गोष्टीने सर्वांना ‘महागात पाडले’ असे सहसा कोणी म्हणत नाही. लाभाचा कर्ता हवा तेव्हा हाती लागतो, हानीचा कर्ता शोधावा लागतो, असा हा भेद आहे.

येथे भाषेला दोष देणे चुकीचे ठरेल. ‘आटणे’ याबरोबर ‘आटवणे’ आहे, ‘संपणे’ याबरोबर ‘संपवणे’ आहे, ‘बुडणे’ याबरोबर ‘बुडवणे’ आहे. भाषेने वाट बंद केलेली नाही. बोलणारा त्या वाटेने जात नाही. म्हणजे ही व्याकरणाची सक्ती नसून वापराची निवड आहे, आणि निवड असल्यामुळे ती नीतीच्या कक्षेत येते.

२

या निवडीचा परिणाम २०१६ साली लातूर शहरात स्पष्टपणे दिसला. २०१४ व २०१५ हे दोन्ही पावसाळे कमी गेले होते. शहराला पाणी पुरवणारे, बीड जिल्ह्यात धनेगाव येथे असलेले मांजरा धरण कोरडे पडले. मार्च २०१६ मध्ये पाण्याच्या ठिकाणी पाचांहून अधिक माणसांनी जमू नये असा जमावबंदीचा आदेश जिल्हा प्रशासनाला काढावा लागला. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वेगाडी, दहा वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन, सव्वातीनशे किलोमीटरहून अधिक अंतर कापून लातुरात पोचली. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या येऊ लागल्या आणि एका खेपेला सुमारे २५ लाख लिटर पाणी येऊ लागले. या गाडीला ‘जलदूत’ असे नाव मिळाले.

त्या काळातील वाक्ये तपासून पाहावीत. ‘पाणी संपले’, ‘धरण आटले’, ‘टंचाई निर्माण झाली’: यांपैकी एकाही वाक्यात कर्ता नाही. कर्ता आढळतो तो दोनच ठिकाणी. पाणी आणणाऱ्या गाडीला दूताचे नाव देऊन तिला कर्तेपण बहाल करण्यात आले. आणि जमावबंदीच्या आदेशात ‘जमणारी माणसे’ हा कर्ता होता. म्हणजे पाणी आणणारा आणि घागर घेऊन रांगेत उभा राहणारा, असे दोघेच त्या उन्हाळ्यात व्याकरणदृष्ट्या काही करीत होते. त्याआधीच्या वर्षांत पाणी कोणी, किती आणि कशासाठी उपसले, हा भाग कर्त्याविना राहिला.

पाऊस पडला नाही, हे वाक्य खरे आहे आणि त्याला कर्ता नाही हेही योग्यच आहे. परंतु जेवढा पाऊस पडला त्याचे पुढे काय झाले, हा निराळा प्रश्न आहे. महाराष्ट्रात एकूण पिकांखालील क्षेत्राच्या ४ टक्क्यांहून कमी जमिनीवर असलेला ऊस सिंचनाच्या पाण्यापैकी सुमारे ७० टक्के पाणी घेतो, असे कृषी मूल्य व किंमत आयोगाने नोंदले आहे. हा आकडा सबंध राज्याचा आहे, एकट्या मांजरा खोऱ्याचा नव्हे, आणि त्यात थोडे कमीअधिक धरले तरी प्रमाणाचा विषमपणा लपत नाही. सोयाबीन साधारण शंभर दिवसांत रानातून निघते, तूर सहा महिन्यांच्या आसपास निघते आणि ही दोन्ही पिके बहुतांशी पावसावर येतात. ऊस बारा ते अठरा महिने उभा राहतो, म्हणजे निदान एक सबंध उन्हाळा तो भूगर्भातील वा धरणातील पाण्यावर काढतो. उसाला ‘नगदी पीक’ म्हणतात. या नावात येणाऱ्या पैशाची नोंद आहे, जाणाऱ्या पाण्याची नाही. शेजाऱ्याच्या विहिरीतून जे जाते ते नगद नसल्यामुळे खात्यात चढतच नाही.

३

इतके झाल्यावर उतावळा समीक्षक एक सोपे वाक्य रचील: ऊसवाल्याने पाणी संपवले. कर्ता मिळाला, प्रश्न सुटला. वस्तुतः ही पहिलीइतकीच मोठी चूक आहे, आणि ती का चूक आहे हे शेतकऱ्याच्या बाजूने हिशोब मांडल्यावाचून कळत नाही.

१९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार कारखान्याने ऊस घेतल्यापासून १४ दिवसांत त्याचे पैसे देणे बंधनकारक आहे. २००९–१० च्या हंगामापासून हा दर ‘रास्त व किफायतशीर दर’ या नावाने केंद्र सरकार ठरवते. प्रत्यक्षात थकबाकी राहते, हा भाग निराळा; परंतु माल कोण घेणार आणि निदान कोणत्या दराने घेणार, हे लागवडीच्या दिवशी ठाऊक असते. तुरीचे तसे नाही. २०१५ साली तूरडाळीचा किरकोळ भाव किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेला. दुष्काळानंतर कमी पाण्याची पिके घ्या असा उपदेश सर्व बाजूंनी होत होता. २०१६ च्या खरिपात तुरीचा पेरा वाढला, पाऊसही झाला आणि पीक उदंड आले. बोनस धरून हमीभाव क्विंटलला ५,०५० रुपये जाहीर झाला होता. बाजारातील भाव त्याच्या खाली गेला. २०१७ च्या उन्हाळ्यात सरकारी खरेदी केंद्रांपुढे तुरीने भरलेल्या वाहनांच्या रांगा लागल्या आणि बारदाना नाही म्हणून माप थांबले. ज्याने समाजहिताचा सल्ला मानला त्याच्या पदरी तोटा आला. ज्याने मानला नाही त्याचा ऊस तुलनेने निश्चित दराने गेला.

तेव्हा ‘शेतकऱ्याने ऊस लावला’ हे वाक्य खरे असले तरी अपुरे आहे. मराठीत प्रयोजकाची आणखी एक पायरी आहे. करणे याच्या पुढे ‘करवून घेणे’ आहे, आणि जो प्रत्यक्ष करतो तो तेथे ‘कडून’ या शब्दाने निर्दिष्ट होतो. दर, कर्ज, कारखाना आणि कालवा यांनी शेतकऱ्याकडून ऊस लावून घेतला, हे अधिक पूर्ण वाक्य होय. यात शेतकऱ्याचे कर्तेपण नाहीसे होत नाही, कारण रान त्याचे आहे आणि मोटारीचे बटण त्याच्या हाती आहे. परंतु दर ठरवणारे, गाळपाची परवानगी देणारे, पाण्याची पाळी ठरवणारे आणि स्वस्त साखर मागणारे शहरही त्या वाक्यात आपापल्या जागी येते. एका क्रियेचे अनेक कर्ते असू शकतात. व्याकरणाला त्यात अडचण नाही.

अर्थशास्त्राने हाच प्रश्न निराळ्या शब्दांत मांडला आहे. ए. सी. पिगू यांनी १९२० साली ‘द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर’ या ग्रंथात दाखवले, की आगगाडीच्या इंजिनाच्या ठिणग्यांनी भोवतालचे रान जळते तेव्हा ते नुकसान कंपनीच्या खर्चात येत नाही. म्हणून खाजगी हिशोब आणि समाजाचा हिशोब यांत अंतर पडते. रोनाल्ड कोस यांनी १९६० साली ‘द प्रॉब्लेम ऑफ सोशल कॉस्ट’ या निबंधात यावर प्रश्न उभा केला. त्यांच्या मते हानी ही दुहेरी असते: एकाला हानी होऊ नये म्हणून दुसऱ्याला अडवले तर त्या दुसऱ्याची हानी होते. पिगूंचा विचार ‘पाडणारा कोण’ असे विचारतो. कोस विचारतात की दोघांपैकी कोणाचे पडणे समाजाला कमी महागात पडेल. मांजरा खोऱ्यात दोन्ही प्रश्न लागू आहेत. ऊस थांबवला तर घागरीची रांग कमी होईल, पण ऊसवाल्याचे कर्ज उभे राहील. तथापि कोस यांची तुलना करावयाची तर दोन्ही पारडी भरलेली हवीत. ज्या पारड्यातील हानी ‘पडली’ या शब्दाने अगोदरच निसर्गाच्या नावे लिहिली गेली, ते पारडे वजन होण्यापूर्वीच रिकामे झालेले असते.

४

कर्त्याचे नाव घेतल्याने व्यवहार कसा बदलतो, याचे उदाहरण नांदेड जिल्ह्यातच आहे. धर्माबाद तालुक्यात गोदावरीवर बाभळी बंधारा बांधण्यात आला. त्याची साठवण २.७४ टीएमसी. खालच्या बाजूच्या श्रीरामसागर प्रकल्पाचे पाणी त्यामुळे अडते, असे म्हणून तत्कालीन आंध्र प्रदेश राज्य २००६ साली सर्वोच्च न्यायालयात गेले. २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निकाल लागला. दरवर्षी १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात बंधाऱ्याचे दरवाजे महाराष्ट्राने उघडे ठेवावेत आणि १ मार्च रोजी ०.६ टीएमसी पाणी खाली सोडावे, असे ठरले. २०१४ पासून खालच्या बाजूला तेलंगण राज्य आहे. व्यवस्था तीच राहिली.

हा निकाल कोणाला किती न्याय देतो याविषयी मतभेद आहेत. पाऊस सरल्यावर दरवाजे लावून साठणार काय, अशी तक्रार धर्माबादच्या बाजूला ऐकू येते. येथे पाहावयाचे आहे ते वाक्याचे स्वरूप. त्यात ‘अडवणे’, ‘उघडणे’, ‘सोडणे’ अशीच क्रियापदे आहेत. प्रत्येकाला कर्ता, तारीख आणि परिमाण आहे. ‘पाणी अडले’ असे म्हणून कोणाला सुटता आले नाही. याचे कारण उघड आहे. ज्याला हानी होणार होती ते एक राज्य होते, आणि त्याच्यामागे वकील व न्यायालय होते. धनेगावच्या पाण्यावर अवलंबून असलेल्या लातुरातील भाडेकरू कुटुंबाजवळ, किंवा शेजारच्या खोल बोअरमुळे ज्याचा आड आटला त्या कोरडवाहू शेतकऱ्याजवळ, तसे काही नव्हते. म्हणजे हानीच्या वाक्याला कर्ता मिळणे न मिळणे हे हानी सोसणाऱ्याच्या बळावर अवलंबून राहते. बळवंताचे पाणी कोणीतरी अडवते. दुबळ्याचे पाणी आपोआप आटते.

याच न्यायाने ऊसतोडणीची भाषाही वाचता येते. मराठवाड्यातून दर हंगामाला तोडणीसाठी बाहेर पडणाऱ्या नवराबायकोच्या जोडीला ठरावात ‘एक कोयता’ म्हणतात. हंगामापूर्वी मुकादमाकडून ‘उचल’ घेतली जाते आणि कामावर न आलेल्या दिवसाचा ‘खाडा’ त्या उचलीतून वळता होतो. ऊस तोडणारी दोन माणसे. पण हिशोबात नोंद होते ती हत्याराची. त्या जोडीतील बाईची मजुरी निराळी दिसत नाही, कारण कोयता एकच आहे. साखरेच्या किमतीत कोयत्याचा दर येतो. बाईचे आजारपण आणि मुलांची बुडालेली शाळा येत नाही. ती शाळा ‘बुडते’. कोणी बुडवल्याची नोंद नसते.

५

ललित लेखनाची कसोटी येथे लागते. हिशोबाची भाषा ज्याला खात्यात घेत नाही, त्याला वाक्यात जागा देण्याचे काम साहित्य करू शकते. भास्कर चंदनशिव यांच्या ‘लाल चिखल’ या कथेत बाजारात आणलेल्या टोमॅटोचा भाव पडतो आणि शेतकरी आपलाच माल पायाखाली तुडवतो. या कृतीचा अर्थ संताप एवढाच लावला जातो. व्याकरणाच्या अंगाने पाहता त्यात आणखी काही आहे. भाव पडला की पाडला, याचे उत्तर बाजारात कोणी देत नाही. शेतकरी ‘भाव पाडला’ म्हणतो आणि व्यापारी ‘भाव पडला’ म्हणतो. दोघेही मराठीच बोलत असतात. ज्या हानीला कर्ता मिळत नाही तिचा कर्ता तो शेतकरी स्वतः होतो. तुडवणे हे पूर्णपणे सकर्मक क्रियापद आहे. आर्थिक दृष्टीने हा वेडेपणा, कारण उरलेला मालही गेला. पण नुकसान ‘झाले’ या वाक्यापेक्षा नुकसान ‘केले’ हे वाक्य त्याला सोसवते, कारण त्यात तो माणूस म्हणून उभा असतो.

रा. रं. बोराडे यांची १९७१ सालची ‘पाचोळा’ ही कादंबरी याच्या पुढे जाते. बोराडे लातूर जिल्ह्यातील काटगावचे. गावात नवा शिंपी येतो, लोकांची आवड पालटते आणि गंगाराम शिंप्याचा धंदा बसत जातो. शीर्षकातील प्रतिमा कर्त्याविनाची आहे: पाचोळा स्वतः काही करीत नाही, वारा त्याला नेतो. अनेक वाचकांनी कादंबरीचा अर्थ तेवढाच घेतला, की जुने बलुते मोडले आणि एक कुटुंब उडून गेले. परंतु बोराडे यांनी निवेदन गंगारामाच्या बायकोच्या, पारबतीच्या, तोंडी दिले आहे, आणि त्यामुळे शीर्षक सांगते त्याहून अधिक कथन सांगते. गंगारामाचा ताठा, त्याचे न झुकणे, ही त्याची स्वतःची निवड आहे. तिची किंमत घरातील इतरांनाही मोजावी लागते. पारबती त्या निवडीची ‘ला’ प्रत्ययाची धनी आहे आणि बोलतेही तीच. गावाचे अर्थकारण वाऱ्यासारखे वाहत असले तरी त्या घरात कोणी काय केले, हे ती विसरू देत नाही. तसेच नवऱ्याला दोषी ठरवून मोकळीही होत नाही. सोसणाऱ्याच्या तोंडून करणाऱ्याचा हिशोब, तोही मायेसकट, हे या कादंबरीचे बळ आहे. ग्रामीण साहित्याच्या चर्चेत बोलीच्या गोडव्याची वाखाणणी पुष्कळ झाली; बोलीत बोलणारी व्यक्ती वाक्यातील कोणत्या विभक्तीत उभी आहे, हे क्वचितच पाहिले गेले.

६

कर्ता शोधणे म्हणजे अपराधी शोधणे नव्हे, हा विवेक अखेर राखला पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. ‘भूकंप झाला’ हे वाक्य कोणत्याही प्रयोजकात घालता येत नाही आणि घालूही नये. ‘घरे पडली’ या वाक्याचा मात्र विचार करावा लागतो. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी ती घरे होती. ती लोकांनीच बांधली होती. उन्हाळ्यात गारवा देणारी आणि हाताशी असलेल्या सामानात उभी राहणारी, म्हणून बांधली होती. येथे कर्ता आहे, पण अपराध नाही. तरीही कर्त्याचा विचार झाला म्हणूनच पुढच्या बांधणीत भिंत कशी असावी हा प्रश्न विचारता आला. घरे केवळ ‘पडली’ असती, तर पुन्हा तशीच बांधली गेली असती.

तात्पर्य, आर्थिक आणि नैतिक हिशोब हे दोन निराळे हिशोब नाहीत. एकाच खात्याच्या त्या दोन बाजू आहेत, आणि त्यांतील एक बाजू कर्त्यावाचून लिहिली जाते म्हणून त्या निराळ्या भासतात. हानीचे प्रत्येक वाक्य एकदा त्याच्या जोडीदार क्रियापदात घालून पाहावे. ‘पाऊस पडला नाही’ यासारखी जी वाक्ये त्या रूपात जात नाहीत ती निसर्गाच्या नावे राहू द्यावीत. जी जातात त्यांचे सर्व कर्ते लिहावेत आणि प्रत्येकासमोर ज्याला सोसावे लागले त्याचे नाव मांडावे. त्यानंतरच ऊस की तूर, बोअर की आड, कारखाना की घागर, यांची तुलना प्रामाणिकपणे होऊ शकेल, आणि त्या तुलनेत कधी ऊसही जिंकेल.

२०१६ च्या पावसाळ्याच्या अखेरीस जोराचा पाऊस झाला आणि मांजरा धरण भरले. हेही वाक्य अकर्मकच आहे. धरण भरले की त्याआधी ते कोणी रिते केले, हा प्रश्न मागे पडतो आणि पुढच्या लागवडीचा विचार सुरू होतो. तो प्रश्न विचारावयाचा तर धरणात पाणी असतानाच विचारला पाहिजे, कारण निवड करण्यास वाव असतो तो तेव्हाच.